गॅस संपत नाही, तो गळतो

दिग्रसमध्ये मे महिन्यात गाडीची सीट गरम करायला बटण लागत नाही. भर दुपारी बाजारात तासभर उभी ठेवलेली गाडी ते काम फुकटात करून ठेवते. सीट गरम करायची सोय आता आपल्याकडच्या महागड्या गाड्यांतही दिसू लागली आहे, पण नवतपात दारव्ह्याच्या किंवा पुसदच्या रस्त्याला लागणाऱ्या माणसाचा जीव अडकलेला असतो तो एसीत. तो एसी ऐन उन्हाळ्यात गरम हवा फेकू लागला, की बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार असतं : ‘गॅस संपला असेल, भरून टाका.’

हे निदान कधी कधी बरोबरही निघतं, पण अपुरं असतं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. घरातला फ्रिज दहा-पंधरा वर्षं तोच गॅस फिरवत असतो. गाडीत रबरी पाइप असतात, हादरे असतात, त्यामुळे वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो. पण एकाच हंगामात एसी थंडावा देईनासा झाला, तर गॅस कुठून तरी गळतोय किंवा बिघाड दुसरीकडेच आहे.

थंडावा येतो कुठून?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांवरच उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. मग एका बारीक वाटेतून त्याचा दाब एकदम उतरवला, की डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून ओढून घेतो.

यातली मेख कंडेन्सरमध्ये आहे. बाहेर ४५ अंश असतील, तर उष्णता बाहेर टाकण्यासाठी गॅस त्याहून बराच गरम असावा लागतो. म्हणजे दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरवरचा ताणही. जानेवारीत खपून जाणारी लहानशी खोट मे महिन्यात उघडी पडते ती यामुळेच.

आधी हवा, मग वीज, मग गॅस

पहिला प्रश्न हवेचा. जाळीतून हवाच कमी येत असेल, तर केबिन फिल्टर काढून बघा. काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या हंगामातली रुई यांनी तो गच्च भरलेला सापडू शकतो. ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या नंबरवर चालत असेल, तर संशय त्याच्या रेझिस्टरवर घ्यावा. दोन्हींचा गॅसशी काही संबंध नाही.

हवा भरपूर आहे पण गार नाही, तर प्रश्न विजेचा. इंजिन चालू ठेवून एसीचं बटण दाबलं, की कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक’ करून ओढला जातो. (काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे ही खूण चालत नाही.) आवाज आला नाही, तर फ्यूज आणि रिले तपासायचे, मग क्लचच्या प्लगवर १२ व्होल्ट पोचतात का ते मल्टिमीटरने बघायचं. वीज पोचते पण क्लच ओढत नाही, तर कॉइलचा रोध मोजायचा. तो साधारण ३-४ ओहम भरतो. मीटरवर रोध अमर्याद दाखवला, तर तार आतून तुटली. थंड देशांत गरम सीट बंद पडली तरी मेकॅनिक हीच पद्धत वापरतो : फ्यूज, रिले, प्लगवरची वीज, शेवटी सीटमधल्या तारेचा रोध. तिथे बसून-उठून वाकणाऱ्या भागात तार तुटते, एवढाच फरक.

वीज क्लचपर्यंत पोचतच नसेल, तर प्रेशर स्विचने ती अडवलेली असू शकते. गॅस फार कमी झाला, की हा स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. अशा वेळी थेट बॅटरीची वायर जोडून क्लच चालवणं महागात पडतं. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसेल तर ऑइलही पोचत नाही आणि आतले भाग घासून खराब होतात.

तिसरी खूण आपल्या रस्त्यांवर सहज कळते. आर्णीच्या रस्त्याला गाडी पळत असताना एसी गार, आणि गावात शिरून गर्दीत अडकली की गरम. असं होत असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा चालतो का ते बघावं, मग त्याच्या जाळीतली धूळ साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. वॉशिंगच्या जोरदार फवाऱ्याने त्या नाजूक पट्ट्या वाकतात आणि हवा आणखी अडते.

गेजचा आकडा पुरत नाही

हे सगळं ठीक असेल, तर गॅसकडे वळावं. गेज लावून, इंजिन बंद ठेवून दाब बघितला, तर ४० अंशांना तो १३० पीएसआयच्या आसपास दिसेल. गंमत अशी, की आत थोडा जरी द्रव उरला असेल तरी आकडा तोच येतो, मग गॅस ५०० ग्रॅम असो की २००. फार कमी आकडा आला तर आत गॅस जवळजवळ उरलेलाच नाही, एवढंच त्यातून कळतं. नेमका किती गॅस आहे हे तो मशीनने बाहेर काढून वजन केल्यावरच समजतं. किती भरायचा, तो आकडा बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेला असतो. जास्त भरला तरीही थंडावा कमीच होतो.

गळती शोधताना आधी जोडांवर तेलकट, धूळ चिकटलेले डाग बघतात. मग नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावतात. जोडातलं रबरी वायसर किंवा खडीने भोक पडलेला कंडेन्सर असा सापडतो. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम ओढायलाच हवा, नाहीतर आत राहिलेल्या ओलाव्याने गॅसची बारीक वाट बर्फाने तुंबते.

गळका एसी दर उन्हाळ्यात भरत राहण्याचा भुर्दंड हवेलाही बसतो. ओझोनला छिद्र पाडणारा आर-१२ हा जुना गॅस १९८७ च्या माँट्रियल करारामुळे हटला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचा एक किलो वातावरण तापवण्यात सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीत त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने घटवायचं ठरलं.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये तीन गोष्टी विचारा : गळती कुठे सापडली, व्हॅक्यूम किती वेळ ओढला, आणि गॅस किती ग्रॅम भरला. पहिल्याचं उत्तर ‘बघितलं नाही’ असेल, तर बाकीची दोन विचारायची गरज नाही. त्या बिलात पुढच्या वर्षीचं बिलही धरून ठेवा.