गिरणीची वास्तू आणि कामगाराचा श्वास

रुग्णालयाच्या अहवालात गिरणीच्या जुन्या इमारतींविषयी लेख पाहून काही हितचिंतकांस नवल वाटेल. परंतु वास्तूचा इतिहास हा तेथे राबलेल्या माणसांच्या आरोग्याचाही इतिहास असतो; म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली व १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे काम सुरू झाले. पुढे उभ्या राहिलेल्या गिरण्यांची बांधणी यंत्रांच्या सोयीने झाली. विटांच्या जाड भिंती, ओतीव लोखंडाचे खांब, बाष्पकासाठी उंच धुराडे आणि मागांच्या खात्यावर करवतीच्या दात्यांसारखे छप्पर. या छपराच्या काचा उत्तरेकडे असत. त्यामुळे ऊन न येता दिवसभर एकसारखा उजेड मिळे.

हवेची मात्र तशी सोय नव्हती. सूत तुटू नये म्हणून खात्यात दमटपणा राखला जाई आणि पिंजणखात्यात कापसाची धूळ तरंगत असे. या धुळीने ‘बिसिनोसिस’ हा फुप्फुसांचा विकार जडतो. प्रारंभी साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतताच छाती आवळल्यासारखी होते. वर्षानुवर्षे धूळ श्वासात गेल्यास कायमचा दम लागू शकतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांची जमीन महापालिका, म्हाडा व मालक यांच्यात वाटण्याची तरतूद झाली; २००१ मधील बदलाने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरती उरली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात बाजारसंकुल झाले, तेथे जुने धुराडे राखले गेले. दादरच्या इंदू मिलच्या जागेवर २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाचे भूमिपूजन झाले. कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली.

अशा रीतीने विटांना नवा उपयोग लाभला. कामगाराच्या फुप्फुसांचे तसे होत नाही. बिसिनोसिसची खास खूण क्ष-किरण चित्रात उमटत नाही आणि हा विकार दम्यासारखा भासतो. निदानाचा मुख्य आधार म्हणजे रुग्णाने पूर्वी केलेले काम.

म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांस आमची नम्र विनंती आहे : घरातील वडीलधाऱ्यांनी मुंबईच्या गिरणीत, मालेगावच्या यंत्रमागावर किंवा खानदेशातील जिनिंगमध्ये काम केले असल्यास, त्यास कितीही वर्षे लोटली असली तरी, ते डॉक्टरांस पहिल्याच भेटीत अवश्य सांगावे.