मते मागणारे न्यायमूर्ती

न्यायमूर्ती हात जोडून 'आपले बहुमोल मत' मागत फिरत आहेत, अशी कल्पना आपल्याकडे कुणी केली तर हसू येईल. अमेरिकेत मात्र प्रत्येक घटक राज्याला स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते आणि अनेक राज्यांत त्याचे न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडले जातात. मिसिसिपीने १८३२ साली ही प्रथा आपल्या सर्व न्यायाधीशांना लागू केली. १८४६ मध्ये न्यूयॉर्क त्या वाटेने गेले आणि मग रीघच लागली.

हेतू वाईट नव्हता. गव्हर्नरच्या मेहेरबानीने खुर्चीवर बसलेला न्यायाधीश त्याच्याविरुद्ध निकाल देईल कसा? त्यापेक्षा तो जनतेलाच बांधलेला असावा, हा विचार. पण निवडणूक म्हटली की प्रचार आला, आणि प्रचाराला पैसा लागतो. तो देणाऱ्याचाच खटला उद्या समोर आला तर?

वेस्ट व्हर्जिनियात नेमके हेच घडले. ह्यू केपर्टन या खाणमालकाचा धंदा बुडविल्याबद्दल २००२ मध्ये ज्यूरीने मॅसी या बड्या कोळसा कंपनीवर सुमारे पाच कोटी डॉलरची भरपाई बसविली. अपील पाच न्यायाधीशांच्या राज्य सर्वोच्च न्यायालयात जाणार, हे उघड होते. २००४ च्या निवडणुकीत मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या उमेदवारासाठी सुमारे तीस लाख डॉलर ओतले. (ही लाच नव्हे. जवळजवळ सारी रक्कम उमेदवाराच्या हाती न जाता बाहेरच्या बाहेर प्रचारात खर्च झाली.) बेंजामिन निवडून आले. या खटल्यातून बाजूला होण्याची विनंती त्यांनी फेटाळली आणि २००७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी भरपाई रद्द झाली. तिनांतले एक मत त्यांचे.

जून २००९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले, की बेंजामिन यांनी या खटल्यात बसायला नको होते. त्यांनी पक्षपात केला, असे न्यायालय म्हणाले नाही. पक्षपाताचा गंभीर धोका होता, एवढेच पुरेसे मानले. मला हे पटते. न्यायाधीश मनाने स्वच्छ असेलही, पण हरलेल्या पक्षकाराने ते ओळखायचे कशावरून? तथापि सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचे मत विरोधी होते. किती पैसा म्हणजे फार पैसा, अशा धर्तीचे चाळीस प्रश्न त्यांनी निकालपत्रात क्रमांक घालून मांडले. तेही सोपे नाहीत.

खटला परत गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, बेंजामिन यांच्याविना, राज्याच्या न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी पुन्हा मॅसीच्याच बाजूने निकाल दिला. कारण तेच जुने: करारानुसार दावा शेजारच्या व्हर्जिनियात लावायला हवा होता.