गव्हाचे वावडे : सिलिॲक रोग आणि आहाराचे पथ्य

महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागांत पूर्वी रोजच्या जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी असे, कोकणात भात व नाचणी असे आणि गव्हाची पोळी बहुधा सणावारी होई. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हरितक्रांती सुरू झाल्यावर गव्हाचे उत्पादन झपाट्याने वाढले. शिधावाटपाच्या दुकानांतून तो गावोगाव पोचला. आज पोळी, पाव, बिस्किटे, रवा व शेवया या रूपांनी गहू बहुतेक घरांत दररोज खाल्ला जातो. बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने तो पौष्टिक आहार आहे. तथापि, काही थोड्या व्यक्तींच्या शरीरास हेच अन्न जन्मभर अपायकारक ठरते. या विकारास सिलिॲक रोग असे म्हणतात.

हा रोग पूर्णपणे आटोक्यात ठेवता येतो. परंतु त्यावर गोळी वा इंजेक्शन नाही. पथ्य हेच त्यावरील औषध होय. आणि हे पथ्य एकट्या रुग्णाने पाळून भागत नाही. घरातील काठवट, गावातील पिठाची गिरणी, शाळेतील स्वयंपाकघर आणि लग्नाची पंगत या सर्वांचा त्याच्याशी संबंध येतो. यास्तव शिक्षक, पंचायत सदस्य आणि आरोग्य कर्मचारी यांना या रोगाची ओळख असणे अगत्याचे आहे.

रोगाचे स्वरूप

गहू, जव (सातू) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो या प्रथिनामुळेच होय. आपल्या लहान आतड्याच्या आतील बाजूस बोटांच्या आकाराचे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. पचलेले अन्न या अंकुरांवाटे रक्तात शोषले जाते. सिलिॲक रोगात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर हल्ला चढविते. अंकुर झिजतात, सपाट होतात आणि मूल भरपूर जेवले तरी अन्न अंगी लागत नाही.

या रोगास आनुवंशिक बैठक आहे. ज्या जनुकांमुळे तो संभवतो ती सुमारे एक-तृतीयांश लोकांमध्ये असतात. परंतु त्यांतील थोड्यांनाच प्रत्यक्ष रोग होतो. रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांच्यात हे प्रमाण सुमारे ७ ते ८ टक्के आढळते. म्हणून घरात एक रुग्ण सापडल्यास इतरांचीही तपासणी करून घेणे इष्ट असते.

कारणाचा शोध

लंडनमधील डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या रोगाचे नेमके वर्णन केले आणि तो बरा व्हायचा असेल तर आहारानेच होईल, असे मत मांडले. परंतु कोणता आहार, हे पुढे साठ वर्षे निश्चित झाले नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात अशा मुलांना मुख्यतः केळ्यांवर ठेवीत. मुले सुधारत, पण हा गुण केळ्यांचा नसून बंद झालेल्या पावाचा आहे, हे त्या वेळी ध्यानात आले नाही.

हे कोडे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी सोडविले. गव्हाविषयी त्यांना १९३० च्या दशकापासूनच शंका होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात मोठी उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. इतर मुले खंगत असता सिलिॲक रोगाची मुले मात्र सुधारली. पाव पुन्हा मिळू लागताच त्यांचे दुखणे उलटले. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात गहू व या रोगाचा संबंध सप्रमाण मांडला. त्यानंतर लवकरच गव्हातील दोषी घटक ग्लुटेन असल्याचे ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवून दिले.

भारतातील प्रमाण

हा पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती बरोबर नाही. उत्तर भारतातील मुलांमध्ये तो आढळल्याच्या वैद्यकीय नोंदी १९६० च्या दशकापासून आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातील पाहणीत सुमारे शंभरात एक व्यक्ती सिलिॲक रोगाची आढळली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत देशाच्या तीन भागांतील २३,००० हून अधिक प्रौढांची तपासणी झाली. तीत उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के असे प्रमाण दिसून आले. रोगास पोषक जनुके तिन्ही भागांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात होती. गव्हाच्या सेवनात मात्र मोठी तफावत होती. ज्या प्रदेशात गव्हाचा वापर वाढत आहे तेथे या रोगाकडे लक्ष पुरविणे का आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होईल.

लक्षणे

वारंवार जुलाब, पोट फुगणे, उलट्या व वजन न वाढणे ही लहान मुलांतील नेहमीची लक्षणे होत. परंतु अनेक रुग्णांना पोटाची तक्रार नसतेच. मुलाची उंची वर्गातील इतरांपेक्षा फार कमी राहणे, वयात येण्यास उशीर होणे, लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही रक्तक्षय न हटणे, हाडे ठिसूळ होणे, तोंडात वारंवार फोड येणे, कोपर-गुडघ्यांवर खाज सुटणारे बारीक फोड उठणे, स्त्रियांमध्ये वंध्यत्व किंवा वारंवार गर्भपात, अशा निरनिराळ्या रूपांनी हा रोग प्रकट होतो. मधुमेहाचा बालपणी जडणारा प्रकार आणि थायरॉइड ग्रंथीचे काही विकार असलेल्यांतही तो अधिक आढळतो.

आपल्याकडे कुपोषण, जंत व रक्तक्षय यांची कारणे बहुधा वेगळीच असतात. प्रत्येक अशक्त मुलास सिलिॲक रोग आहे असे मानणे चुकीचे ठरेल. परंतु पोषक आहार, जंतनाशक औषध आणि लोहाच्या गोळ्या देऊनही ज्या मुलात काही महिन्यांत फरक पडत नाही, त्याच्या बाबतीत ही शक्यता तपासलीच पाहिजे. असे मूल आळशी नसते, खाण्याची खोड काढीत नसते आणि त्याची आई त्याला उपाशीही ठेवीत नसते.

निदानापूर्वी पथ्य नको

रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी ही निदानाची पहिली पायरी होय. ती सदोष निघाल्यास बहुधा दुर्बिणीद्वारे लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला जातो. येथे एक गोष्ट कटाक्षाने ध्यानात ठेवावयास हवी. तपासणी पूर्ण होईपर्यंत रुग्णाने गहू खाणे चालू ठेवले पाहिजे. कोणी सांगितले म्हणून गहू आधीच बंद केला तर प्रतिपिंड घटतात, आतडे भरून येऊ लागते आणि रोग असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते. मग जन्मभराचे पथ्य नुसत्या तर्कावर पाळावे लागते किंवा सोडून दिले जाते. दोन्ही गोष्टी घातकच होत.

ताटात काय असावे

निदान झाल्यानंतर गहू, जव व राय हे कायमचे वर्ज्य होतात. पोळी, पुरी, पाव, बिस्किटे, रवा, मैदा, शेवया, लापशी आणि गव्हाची कुरडई ही सर्व त्यात आली. खपली गहू पचनास हलका म्हणून विकला जातो. परंतु त्यातही ग्लुटेन असते व तो या रुग्णांना चालत नाही. ओट्स मुळात बहुतेकांना चालतात, पण बाजारातील ओट्समध्ये गव्हाची भेसळ सहज होते. म्हणून ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

सुदैवाने चालणाऱ्या धान्यांची यादी मोठी आहे आणि ती महाराष्ट्रास परकी नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका व वरई ही धान्ये, राजगिरा, शिंगाडा व साबुदाणा हे उपवासाचे पदार्थ, तसेच डाळी, कडधान्ये, दाणे, भाज्या, फळे, अंडी, मासे आणि मांस यांत ग्लुटेन नसते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. हाडे कमकुवत झालेल्या रुग्णास ते उपकारक आहे. शहरांतील दुकानांत मिळणारे महागडे ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थ आवश्यक नाहीत. भाकरी, आमटी, भाजी व भात हे साधे जेवण या पथ्यात चपखल बसते.

छुपा गहू

पथ्य मोडते ते पोळी खाल्ल्याने क्वचितच. बहुधा ते नकळत मोडते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेनदेखील आतड्यास इजा करू शकते. एका मध्यम पोळीत दोन ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते, म्हणजे पोळीचा सुमारे पन्नासावा भागही रोज पोटात जाणे धोक्याचे होय.

भेसळीचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे पिठाची गिरणी. गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यात ज्वारी दळली की मागे राहिलेले गव्हाचे पीठ तिच्यात उतरते. शक्य असल्यास घरघंटी किंवा घरचे दगडी जाते केवळ रुग्णाच्या धान्यासाठी वापरावे. ज्या गावात केवळ ज्वारी-बाजरी किंवा तांदूळ दळण्याची वेगळी चक्की असेल तेथे दळण टाकावे. धान्य निवडताना त्यात गव्हाचे दाणे नाहीत ना, हे पाहावे. भाकरी मऊ व्हावी म्हणून ज्वारीत गहू मिसळण्याची पद्धत काही घरांत असते, ती टाळावी.

मेतकूट व थालिपिठाची भाजणी यांत बहुधा गहू असतो. सातूच्या पिठातही तो किंवा जव असतो. बाजारातील हिंगात पुष्कळदा कणीक वा मैदा मिसळलेला असतो. माल्ट घातलेली शक्तिवर्धक पेये जवापासून बनतात. ज्या तेलात पुऱ्या किंवा कुरडया तळल्या त्यातच साबुदाण्याच्या पापड्या तळल्या तर त्याही वर्ज्य ठरतात. रुग्णाची काठवट, पोळपाट-लाटणे व तवा वेगळे ठेवावेत आणि त्याचा स्वयंपाक आधी करावा.

वेष्टनातील पदार्थ घेताना लेबल वाचण्याची सवय लावावी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असलेल्या पदार्थासच ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणता येते. ग्लुटेनयुक्त धान्य वापरले असल्यास तसा उल्लेख वेष्टनावर करणे बंधनकारक आहे.

इतर वावडी

‘वावडे’ हा एकच शब्द आपण अनेक वेगवेगळ्या विकारांना लावतो. गव्हाच्या ॲलर्जीत थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, सूज येते किंवा धाप लागते. तो सिलिॲक रोग नव्हे. काहींच्या सर्व तपासण्या निर्दोष येतात, तरीही गव्हाने पोट बिघडते. त्यांच्या बाबतीत दोष नेहमी ग्लुटेनचाच असतो असे नाही. गहू, कांदा व लसूण यांत असलेली काही शर्करासदृश द्रव्ये न पचल्यानेही असा त्रास होतो.

सिलिॲक रुग्णास पुष्कळदा दूधही सोसत नाही. दुधातील साखर पचविणारे द्रव्य आतड्याच्या त्याच अंकुरांच्या टोकांवर तयार होते. अंकुर झिजले की ते घटते. पथ्याने आतडे सुधारले की अनेकांना दूध पुन्हा चालू लागते. तोवर दही-ताक थोड्या प्रमाणात घेऊन पाहता येते.

एकापेक्षा अधिक पदार्थ सोसत नसल्यास कुटुंबाची ओढ एकेक पदार्थ बंद करीत जाण्याकडे असते. गहू गेला, दूध गेले, मग डाळ, अंडे, दाणे गेले आणि मूल नुसत्या भातावर आले, अशी अवस्था होऊ देऊ नये. काय खाल्ले व काय त्रास झाला याची दररोज नोंद ठेवावी. संशयित पदार्थ एका वेळी एकच, दोन ते चार आठवडे बंद करावा आणि डॉक्टर वा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने पुन्हा देऊन पाहावा. ज्या पदार्थाने पूर्वी धाप लागली किंवा चेहरा सुजला, तो मात्र घरी कदापि देऊन पाहू नये. रक्ताच्या एका नमुन्यावरून शंभर पदार्थांची वावडी सांगणाऱ्या महागड्या तपासण्यांवर विसंबून आहार ठरविणे योग्य नाही.

समाजाचे सहकार्य

पथ्य सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच भूक सुधारते आणि मुलांची वाढ पुन्हा सुरू होते. आतडे पूर्ववत होण्यास मात्र महिने किंवा वर्षे लागतात. बरे वाटले म्हणून पथ्य सोडले की रोग उलटतो. खरी कसोटी येथेच लागते. प्रसादाचा शिरा नाकारला तर देवाचा अवमान मानला जातो, पंगतीत पुरणपोळी नको म्हटले तर यजमान नाराज होतो आणि ‘एका घासाने काय होते’ असा आग्रह होतो. गावातील वडीलधाऱ्यांनी असा आग्रह थांबविला व प्रसादात खडीसाखर, फळ किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेवला, तर रुग्णाचे पथ्य आणि यजमानाचा मान दोन्ही राखले जातील. मुलीचा विवाह ठरताना हा रोग लपविला गेल्यास सासरी ती गुपचूप गहू खात राहते आणि तिचे व होणाऱ्या बाळाचे आरोग्य धोक्यात येते. हा रोग संसर्गजन्य नाही आणि पथ्य पाळणारी स्त्री सर्वसामान्य आयुष्य जगू शकते, हे लोकांना समजावून सांगितले पाहिजे.

शाळेत अशा विद्यार्थ्याची नोंद मुख्याध्यापकांनी घ्यावी. महाराष्ट्रातील शालेय पोषण आहार प्रामुख्याने तांदळावर आधारलेला असल्याने तो बहुधा या मुलांना चालू शकतो. मात्र मसाला, हिंग व वाढण्याची भांडी यांबाबत स्वयंपाकी व मदतनीस यांना सूचना द्याव्यात. बिस्किटे किंवा लापशी द्यावयाची असेल त्या दिवशी त्या मुलास फळ, अंडे वा दाण्याचा लाडू द्यावा, म्हणजे ते वर्गात वेगळे पडणार नाही. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्तीने वाढ खुंटलेल्या मुलाची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रास द्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकापुढेही असे मूल आणावे. ग्रामपंचायतीने गिरणीचालकाशी बोलून आठवड्यातून एक सकाळ, जाते स्वच्छ केल्यावर, केवळ ज्वारी-बाजरीच्या दळणासाठी राखून ठेवता येईल का, याचा विचार करावा. त्याने भेसळ पूर्णपणे टळणार नाही, परंतु घरघंटी घेऊ न शकणाऱ्या कुटुंबास त्याचा निश्चित उपयोग होईल.

या उपायांना मोठा निधी लागत नाही. वेळेवर तपासणी, लेबल वाचण्याची सवय, वेगळे दळण आणि आग्रह न करणारा शेजार एवढ्या बळावर वर्षानुवर्षे खुंटलेले मूल आपल्या वयाच्या मुलांच्या बरोबरीने वाढू शकते.