किती खोल, किती पसरलेलं

सुश्रुतसंहितेतला गुरू म्हणजे काशीचा राजा, दिवोदास धन्वंतरी. शिकवणारा राजाच असल्याने या ग्रंथाला युद्ध परकं नाही. सूत्रस्थानातला चौतिसावा अध्याय सैन्याबरोबर जाणाऱ्या वैद्यासाठीच आहे: त्याचा मुक्काम राजाच्या निवासाला लागून हवा, सगळी उपकरणं जवळ हवीत, शत्रूने पाण्यात किंवा चाऱ्यात विष कालवलंय का यावर त्याची नजर हवी.

युद्धात भाजणंही आलंच; भाजण्याचा विचार त्याच सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात येतो. तिथे भाजण्याचे चार प्रकार आहेत. प्लुष्टात रंग बदलतो आणि आग होते. दुर्दग्धात फोड येतात. सम्यक्‌दग्ध म्हणजे वैद्याने नेमका दिलेला डाग. अतिदग्धात मांस लोंबतं, शिरा आणि हाडं उघडी पडतात, ताप, तहान, मूर्च्छा येते. धुराने गुदमरलेल्याची लक्षणं वेगळी सांगितली आहेत. आजच्या जळीत विभागातही डॉक्टर आधी हेच बघतात: किती खोल भाजलंय, आणि धूर श्वासातून आत गेलाय का?

अतिदग्धावरचा उपाय असा: लोंबतं मांस काढा, थंड उपचार करा, तुपातली चूर्णं लावा, गुळवेलीच्या पानांनी झाका. मेलेलं काढून जखम झाकणं आजही टिकून आहे. तूप मात्र नको. किरकोळ भाजल्यावर ग्रंथ थंड पाणी टाळून ऊब द्यायला सांगतो. आज वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरतात.

ग्रंथात नसलेला प्रश्न क्षेत्रफळाचा. भाजलेल्या अंगातून पाणी झिरपत राहतं आणि रक्तदाब कोसळतो. पार्कलंड सूत्रानुसार वजन, भाजलेले टक्के आणि ४ यांचा गुणाकार म्हणजे पहिल्या दिवसाचं सलाईन, मिलिलिटरमध्ये. ६० किलोचा माणूस ४० टक्के भाजला तर ९६०० मिलि. त्यातलं निम्मं भाजल्यापासून पहिल्या आठ तासांत जायला हवं. पाणी, वीज, रक्त आणि रस्ता यांतलं काहीच भरवशाचं नसलेल्या युद्धभूमीवर हे आठ तास वाटेतच सरतात.

पुढची पायरी कातडीची. टिपूविरुद्धच्या १७९२च्या युद्धात इंग्रजी फौजेतला मराठी गाडीवान कावसजी पकडला गेला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी, तिचा रक्तपुरवठा न तोडता, वळवून नवं नाक बसवलं. सुश्रुताने गालाची कातडी सांगितली होती. १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे छापून आलं आणि १८१४मध्ये शल्यचिकित्सक कार्प्यू यांनी तिथे ही शस्त्रक्रिया केली. रक्तपुरवठा न तोडता कातडी हलवण्याचं हेच तत्त्व वापरून १९१७मध्ये हॅरल्ड गिलिस यांनी जटलंडच्या समुद्रयुद्धात भाजलेल्या खलाशाचा चेहरा उभा केला. दुसऱ्या महायुद्धात आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी भाजलेल्या वैमानिकांना मिठाच्या पाण्यात बुडवायला सुरुवात केली. समुद्रात पडलेल्यांच्या जखमा बऱ्या दिसत, हे त्यांनी हेरलं होतं. गिलिस यांच्याकडे शिकलेले डॉ. नोशिर अँटिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हीच विद्या गरिबांसाठी राबवत राहिले.

जखम भरली की काम संपलं, असं नसतं. व्रणाची कातडी आवळते, बोटं तळहाताकडे ओढली जातात, मान छातीला चिकटते. मुलं वाढतात, व्रण तेवढा वाढत नाही; म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. युद्धभागात तात्पुरते तंबू उभारणाऱ्या पथकांना म्हणूनच शस्त्रवैद्याइतकाच, व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्टही लागतो, आणि तो तंबू उठल्यावरही तिथे कुणीतरी असावा लागतो.