मोटारीतील बारा व्होल्टची जोडणी

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने विजेच्या प्लगावर लेख लिहावा, याचे वाचक बंधुभगिनींस नवल वाटेल. परंतु नालछा परिसरातील खेड्यांतून गहू व सोयाबीन पाहण्यासाठी आम्हांस काळ्या मातीच्या कच्च्या वाटांनी जीप न्यावी लागते. चाकात हवा भरण्याचा पंप, जादा दिवे, भ्रमणध्वनीचा चार्जर ही साधने आता तीत असतातच. या साधनांस वीज देणारी जोडणी किती विश्वासाची असते, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. ते पाहण्याची पाळी आली ती पुढील प्रसंगाने.

दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात आम्ही सहकुटुंब मांडवगडास श्रीसुपार्श्वनाथांच्या दर्शनास निघालो होतो. सौभाग्यवतींचा उपवास होता व सूर्यास्तापूर्वी त्यांस उकळलेले पाणी हवे होते. म्हणून बारा व्होल्टवर चालणारी किटली डॅशबोर्डाच्या सॉकेटात लावली. वीस-पंचवीस मिनिटांनी जळका वास आला. प्लग ओढला, तर त्याचे टोक वितळून सॉकेटात चिकटलेले. मागे रिकामी बारदाने होती आणि त्यांवर नातू झोपलेला होता. सॉकेटाचा फ्यूज वारंवार जातो म्हणून मिस्त्रीने पंधराऐवजी तीस अँपिअरचा घातला होता, आणि आम्ही जवळ उभे राहून मान डोलावली होती. दोष आमचाही होता.

नंतर एका जाणत्या मोटार इलेक्ट्रिशियनकडून आम्ही हा विषय समजून घेतला. किटली 120 वॅटची होती. 120 भागिले 12, म्हणजे 10 अँपिअर प्रवाह. प्लग आणि सॉकेट यांचा स्पर्श ढिला वा मळका असेल, तर तेथे विरोध उत्पन्न होतो. तो ओहमचा केवळ दहावा भाग धरला तरी प्रवाहाचा वर्ग गुणिले विरोध या हिशेबाने 10 वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत साठते. आम्हांस सर्वांत धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. फ्यूज पंधराचाच असता तरी तो उडाला नसता! कारण प्रवाह वाढलेलाच नव्हता. फ्यूज अतिप्रवाह ओळखतो. ढिल्या स्पर्शाची आच त्यास कळत नाही. तीसच्या फ्यूजाचा धोका निराळाच. आवरण वितळून तारा एकमेकींस लागल्या असत्या, तर बारीक वायर पेटेपर्यंत तो स्वस्थ राहू शकला असता.

डॅशबोर्डावरील हे गोल सॉकेट मुळात सिगारेट पेटविण्यासाठी निर्माण झाले. (ज्या व्यसनास आपण घरात थारा देत नाही, त्याचे छिद्र आपल्या प्रत्येक मोटारीत आहे, ही गंमतच म्हणावयाची.) लाइटर त्यात काही सेकंदच तापावयाचा, तासन्‌तास वीज पुरविण्याची कल्पना तेव्हा नव्हती. प्लगाच्या टोकाशी असलेली स्प्रिंग त्यास सतत बाहेर ढकलते, आणि धरून ठेवण्यास बाजूच्या दोन पत्र्यांखेरीज काही नसते. डांबरी सडकेवर हे चालून जाते. खाचखळग्यांत प्लग कणाकणाने मागे सरतो आणि स्पर्श ढिला पडतो. म्हणून चार्जरसारख्या दोन-तीन अँपिअरच्या साधनांपुरतेच आम्ही ते आता वापरतो.

त्याहून बरे ते सुमारे 12 मिलिमीटर व्यासाचे लहान सॉकेट, ज्यास युरोपात मोटारसायकली व ट्रॅक्टर यांवर स्थान मिळाले आहे. ते घट्ट बसते व सहसा निसटत नाही. बाहेरच्या दिव्यांकरिता, जेथे चिखल-पाणी उडते, तेथे रबरी गळपट्टीचे व खिट्टीने अडकणारे डॉइच जातीचे कनेक्टर घ्यावेत. त्यांतील नेहमीच्या मापाची पिन 13 अँपिअरपर्यंत चालते. विकत घेताना ‘आयपी 67’ हे अक्षरांक पाहावेत. धूळ आत शिरत नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिले तरी बिघडत नाही, असा त्यांचा अर्थ आहे.

पंपासारख्या भारी साधनास मात्र अँडरसन पद्धतीचा 50 अँपिअरचा कनेक्टर उत्तम. त्याचे दोन्ही भाग सारखेच असतात. नर-मादी हा भेद नाही. आतील चांदीचा मुलामा दिलेले पत्रे स्प्रिंगने एकमेकांवर दाबले जातात, आणि उलटे जोडणे शक्यच नसते. बाजारात याच्या हुबेहूब नकला पुष्कळ आहेत. त्यांचा पत्रा पातळ असतो. हाती घेऊन वजनाचा फरक आम्हां तराजूवाल्यांस तरी कळावा.

कनेक्टर उत्तम आणि वायर बारीक, हेही उपयोगाचे नाही. बॅटरीपासून मागच्या दारापर्यंत चार मीटर धरले, तर जाऊन-येऊन आठ मीटर तांबे होते. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीत 10 अँपिअरला जवळजवळ 1.4 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत 0.35 व्होल्टच. फ्यूज वायरीच्या क्षमतेप्रमाणे आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात असावा. वायरीचे टोक पिळून टेप गुंडाळू देऊ नये. योग्य पक्कडीने दाबलेले टर्मिनलच बसवून घ्यावे. मिस्त्री ‘शेठजी, चालतं’ म्हणेल. आपण उभे राहून काम करवून घ्यावे.

बसविल्यावर एक परीक्षा आम्ही करतो. साधन दहा मिनिटे चालवून कनेक्टरास हात लावावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर स्पर्श वाईट आहे. पावसाळ्याच्या आधी व नंतर ही परीक्षा पुन्हा करतो.

त्या किटलीचा हिशेबही पुढे मांडून पाहिला. एक लिटर पाणी पंचवीस अंशांवरून उकळीस आणण्यास 120 वॅटवर, काही वाया गेले नाही असे धरूनही, पाऊण तासाच्या आसपास लागतो. तेवढ्यात नालछ्याहून मांडवगड येऊन जाते! आता पाणी घरीच उकळून थर्मासमध्ये भरून नेतो, आणि मागच्या दाराजवळचा तो करडा कनेक्टर केवळ पंपाकरिता ठेवला आहे.