कृत्रिम पाय आणि कॅलिपर : आपल्या कारागिरांनी शिकून घ्यावा असा हुन्नर

काशीमीरा नाक्यावरून महामार्गाच्या कडेने थोडे चालत गेले, तरी हाताच्या कामाचे कितीतरी प्रकार नजरेस पडतात. कुठे टायरचे काम चालू असते, कुठे वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात. औद्योगिक वसाहतीच्या गाळ्यांत कोणी पत्रा कापतो, कोणी प्लास्टिक तापवून साच्यात घालतो, कोणी लेथवर बसलेला असतो. या हातांपैकी पुष्कळ हात आपल्या समाजाचे आहेत. या कारागिरांशी बोलावे तर गाऱ्हाणे बहुधा एकच निघते. काम येते, पण मोल मिळत नाही. आणि शिकलेला मुलगा बापाच्या हातोडीला हात लावायला तयार नसतो.

ज्या व्यवसायात हीच हातोडी, हीच कानस आणि हेच प्लास्टिक लागते, पण जिथे कामाला इज्जतही आहे, अशा एका व्यवसायाकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो म्हणजे कृत्रिम हात-पाय आणि कॅलिपर बनविण्याचा व्यवसाय. गमावलेल्या अवयवाच्या जागी जे बसवितात त्याला प्रोस्थेसिस म्हणतात. असलेल्या पण दुबळ्या किंवा वाकड्या अवयवाला आधार म्हणून जे लावतात, ते ऑर्थोसिस. कॅलिपर, मणक्याचा पट्टा, घोट्याची पट्टी, मधुमेही रुग्णाची खास चप्पल ही सारी दुसऱ्या प्रकारात मोडतात.

टायरच्या कारागिरीतून आलेला पाय

'जयपूर फूट' हे नाव ऐकले नाही असा माणूस विरळा. नर्तकी सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा नाचू लागल्या आणि १९८६ मध्ये त्यांच्यावरचा 'नाचे मयूरी' हा चित्रपट घरोघरी पोचला. मात्र हा पाय घडविणाऱ्या कारागिराचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थितज्ज्ञ होते आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर तिथल्या रुग्णांना हस्तकला शिकवीत. लोक त्यांना मास्टरजी म्हणत. त्यांचे शालेय शिक्षण अगदी जेमतेम होते.

त्या काळी मिळणारा विलायती धाटणीचा पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठी होता. आपल्याकडचा माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी चालतो, चिखलात उतरतो. नमाजी माणसाला वजू करायचा असतो, सजद्यात जायचे असते आणि कअद्यात पाय दुमडून बसायचे असते. घोट्यात न वाकणारा आणि पाण्याने खराब होणारा पाय त्याच्या काय कामाचा? मास्टरजींनी टायर रिमोल्ड होताना पाहिले आणि त्यांना रबराचा मार्ग सुचला. १९६८ च्या सुमारास या दोघांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून जो पाय तयार झाला, त्यात आत स्पंज रबराचे व लाकडाचे ठोकळे, त्यांना बांधणारी टायरची दोरी आणि वरून कातडीच्या रंगाचे रबर असते. हे सारे अॅल्युमिनियमच्या साच्यात घालून भट्टीत पक्के करतात. पायाची नळी आधी अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून करीत. पुढे शेतीच्या पाण्यासाठी वापरतात तशा एचडीपीई पाइपची नळी होऊ लागली. १९७५ मध्ये जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि तिने हा पाय गरिबांना मोफत देण्यास आरंभ केला. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

टायर, पत्रा, पाइप, लाकूड. यातली कोणती वस्तू आपल्या कारागिराला परकी आहे?

पाय कसा घडतो

गुडघ्याखाली कापलेल्या पायाचे उदाहरण घेऊ. प्रथम रुग्णाच्या उरलेल्या भागावर पातळ मोजा चढवितात आणि हाडाची टोके कॉपिंग पेन्सिलीने खुणावतात. त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात. प्लास्टर घट्ट झाले की अलगद काढून घेतात. ही झाली पोकळ प्रतिमा. तिच्यात मधोमध लोखंडी पाइप उभा धरून प्लास्टर ऑफ पॅरिसचे पाणी ओततात. ते आळले की वरचे कवच फोडतात आणि रुग्णाच्या पायाची भरीव प्रतिमा हाती येते. मोज्यावरची पेन्सिलीची खूण तिच्यावर जशीच्या तशी उमटलेली असते.

खरी कारागिरी यानंतर सुरू होते. ही प्रतिमा शिकंज्यात धरून सरफॉर्म कानसेने घासावी लागते. गुडघ्याच्या वाटीखालचा भाग भार सोसू शकतो, म्हणून तिथले प्लास्टर कमी करतात. नडगीची धार, बाहेरच्या बाजूचे हाडाचे टोक आणि कापलेल्या पायाचा शेंडा यांना दाब सोसत नाही, म्हणून तिथे प्लास्टरचा थर चढवितात. कुठे किती घ्यायचे आणि कुठे किती भरायचे, हे ज्याला कळले त्याला निम्मे काम आले.

तयार प्रतिमेवर खोबण बनवितात. तिला सॉकेट म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनचा तक्ता भट्टीत सुमारे १८० ते २०० अंशांपर्यंत तापवून प्रतिमेवर पांघरतात आणि व्हॅक्यूम पंपाने हवा ओढून चिकटवितात. दुसऱ्या पद्धतीत मोज्याचे व काचतंतूचे थर चढवून त्यांत रेझिन मुरवितात. आत मऊ ईव्हीएचे अस्तर असते. शेवटी सॉकेट, नळी आणि पाऊल एका रेषेत जुळवितात. दोन-चार मिलिमीटरचा फरक पडला, तरी चालताना गुडघा बाहेर फेकला जातो. म्हणून रुग्णाला उभे करून, चालवून आणि पुन्हा पुन्हा पेच सैल-घट्ट करून ही जुळणी करावी लागते.

कोणाच्या हाताला कोणते काम

वर्कशॉपमधली हत्यारे पाहिली, तर निम्मी आपल्या ओळखीची निघतात. पत्रा कातरी, ऐरण, हातोड्या, गुण्या, व्हर्नियर, ड्रिल, ग्राइंडर, बँडसॉ, टॅप-डाय, रिवेट, हॉट एअर गन, चामड्याची शिलाई मशीन. प्लास्टर कापण्याची थरथरती करवत, सॉकेटची आतली बाजू घासण्याचे राउटर मशीन, मोठी भट्टी आणि कोन मोजण्याचा गोनिओमीटर एवढ्याच गोष्टी नव्या.

पीओपीच्या छताचे काम करणाऱ्याला प्लास्टर किती वेळात आळते आणि पाणी किती लागते, हे शिकवावे लागत नाही. फॅब्रिकेशनवाल्याला कॅलिपरच्या बाजूच्या पट्ट्या वाकविण्याचे काम जमेल. मात्र इथे पट्टी भिंतीच्या काटकोनाला जुळवायची नसून मांडीच्या वळणाला जुळवायची असते. लेथवाला गुडघ्याचा सांधा आणि त्याचे कडीचे कुलूप करू शकतो. उभे राहिल्यावर ही कडी खाली पडून सांधा अडकतो आणि बसताना ती वर ओढली की सुटतो. चामड्याचे काम करणाऱ्याची रापी आणि आरी मांडीच्या पट्ट्याला, अस्तराला आणि बंदांना लागते.

चप्पल बनविणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने ज्याच्या तळव्याची जाणीव गेली, त्याला खडा रुतलेलाही कळत नाही. जखम चिघळते आणि पाय कापण्याची पाळी येते. अशा रुग्णाला आतून मऊ एमसीआर रबराचा, सुमारे १५ शोअर कठीणपणाचा थर आणि खालून टणक तळ असलेली चप्पल देतात. तिला खिळे मारीत नाहीत, कारण वर आलेला खिळा त्या माणसाला जाणवणारच नाही. एरवी साधी वाटणारी चप्पल इथे माणसाचा पाय वाचविते.

चुकीचे माप आणि कायदा

आमच्या नात्यातील एका बुजुर्गांचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली कापावा लागला. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी एका ठिकाणी स्वस्तात पाय करून घेतला. ते ठिकाण कोणते, हे सांगण्याचे इथे कारण नाही. पाय दिसायला छान होता. पण नडगीच्या धारेवर दाब पडत होता आणि बनविणारा म्हणाला, सवय होईल. पंधरा दिवसांत तिथे जखम झाली, ती भरायला चार महिने लागले आणि पाय कपाटात जाऊन पडला. बनविणाऱ्याचा हात वाईट नव्हता. त्याला हत्यार कळत होते, शरीर कळत नव्हते.

दरवाजा चुकला तर पुन्हा घासता येतो. माणसाची कातडी पुन्हा घासून चालत नाही. यासाठीच कायद्याने इथे बंधन घातले आहे. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याखेरीज कोणालाही पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही. केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. म्हणजे गाळ्यावर फलक लावून रुग्णांची मापे घेणे हा आपला मार्ग नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, मग मास्टरजींसारख्या कमी शिकलेल्या माणसाला आज कोण विचारणार? प्रश्न रास्त आहे. पण मास्टरजी एकटे नव्हते. ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या सोबत आणि रुग्ण समोर ठेवून शिकत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये या क्षेत्रासाठी जी मानके काढली, त्यांतही रुग्ण तपासून माप व जुळणी करणारे आणि बाकावर बसून वस्तू घडविणारे तंत्रज्ञ, अशा दोन्हींना जागा आहे. आपल्या कारागिराची जागा त्या बाकावर आहे आणि त्याच्या मुलाची किंवा मुलीची जागा रुग्णासमोर असू शकते.

शिकायचे कुठे

काशीमीऱ्यातील वाचकांना फार लांब जावे लागणार नाही. मीरा रोडहून लोकल धरावी, दादरला धिम्या गाडीत बदलून महालक्ष्मीला उतरावे. हाजी अली दर्ग्याला जाणारे आपले लोक ज्या परिसरातून नेहमी ये-जा करतात, तिथेच अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. १९५५ पासूनची ही केंद्र सरकारची संस्था. तिथे कृत्रिम अवयवांचे वर्कशॉप आहे आणि प्रोस्थेटिक्स व ऑर्थोटिक्सचा पदवी अभ्यासक्रमही आहे. बारावी विज्ञान झालेल्या विद्यार्थ्यासाठी तो इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा असतो. पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी ते १९४४ मध्ये निघाले. कानपूरला सरकारी कंपनी अॅलिम्को १९७२ पासून आहे आणि कॅलिपर व कृत्रिम अवयवांचे सुटे भाग बनविते.

कोठेही पैसे भरण्यापूर्वी तो अभ्यासक्रम पुनर्वास परिषदेच्या मान्य यादीत आहे की नाही, हे पाहून घ्यावे. यादीत नसलेल्या प्रमाणपत्राने नोंदणी होत नाही. मुलींनी या क्षेत्राचा अवश्य विचार करावा. कितीतरी स्त्रिया पुरुषाकडून मांडीचे माप घेऊ देण्यास संकोचतात आणि कॅलिपरवाचून घरी बसून राहतात. अपंग तरुणांनीही मागे राहू नये. काबूलमध्ये रेडक्रॉसच्या केंद्रात इटलीचे अल्बर्तो कैरो यांनी १९९० पासून अपंगांनाच हाताशी धरून तंत्रज्ञ केले. ज्याने स्वतः कृत्रिम पाय वापरला आहे, त्याला तो कुठे टोचतो हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

धंद्याचा हिशेब

आम्ही वाचकांना खोटी आशा दाखविणार नाही. सरकारी योजनेतून आणि धर्मादाय शिबिरांतून पुष्कळांना मोफत साधने मिळतात, त्यामुळे रोख पैसे मोजणारे गिऱ्हाईक मर्यादित आहे. पोलिओचे कॅलिपरही आता घटणार. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. परंतु मधुमेह आणि रस्त्यावरचे व रेल्वेचे अपघात आहेत. शिवाय पाय एकदा दिला म्हणजे काम संपले असे होत नाही. सॉकेट सैल होते, पट्टे तुटतात, पाऊल झिजते आणि वाढत्या मुलाला तर ठरावीक काळाने नवे साधन लागतेच. दुरुस्तीसाठी माणूस मिळत नाही, म्हणून चांगली साधने घरात धूळ खात पडलेली असतात.

म्हणून आमची सूचना अशी. ज्याचा गाळा चालू आहे, त्याने तो बंद करू नये. नोंदणीकृत तज्ज्ञाला गाठावे, त्याच्यासाठी सांधे, पट्ट्या, अस्तर किंवा चपला करून द्याव्यात आणि त्याच्या देखरेखीखाली दुरुस्ती शिकावी. स्वतःच्या नावाने माल विकायचा असेल, तर वैद्यकीय उपकरण नियमावली, २०१७ खाली कोणती नोंद लागते, ते आधी विचारून घ्यावे. घरातला मुलगा किंवा मुलगी बारावी विज्ञानाला असेल, तर एक दिवस त्याला हाजी अलीला न्यावे आणि रीतसर परवानगी काढून ते वर्कशॉप दाखवावे. बापाच्या हातातली कानस तिथे सरकारी बाकावर, पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या हाती पाहिली, म्हणजे त्या कानसेबद्दल त्याचे मत बदलेल, अशी आम्हाला आशा आहे.