गळा तिचा, हुकूम कोणाचा?



आपल्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाला 'अनमोल घडी' सिनेमातल्या गाण्याची फर्माईश हटकून येते. गाणं लागलं की लगेच कोणीतरी विचारतं, "ही लताबाईच ना?" नाही बायांनो, ही नूरजहाँ. जहांगीर बादशहाची राणी नूरजहाँ ती वेगळी. ही पंजाबातली, सिनेमात काम करणारी आणि स्वतःची गाणी स्वतः गाणारी. हिची गोष्ट सांगायचं आम्ही ठरवलं, कारण गटाच्या बैठकीत नेहमी निघणारा एक विषय तिच्या आयुष्यात अगदी उघडा दिसतो. कमावते बाई, पण ठरवतं कोण?

लाहोरजवळ कसूर नावाचं गाव आहे. आज ते पाकिस्तानात आहे, पण तिचा जन्म १९२६ चा, तेव्हा देश एकच होता. बुल्लेशाह या संतकवीची समाधी याच कसूरला आहे आणि मोठे गवई बडे गुलाम अली खाँ हेही तिथलेच. आपल्या नायिकेचं घरचं नाव अल्लाह वसाई. घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणं-वाजवणं, तेच पोटाचं साधन. आपल्याकडे गोंधळी घराण्यातलं पोर चालायला लागतं तेव्हाच संबळाच्या तालावर डोलतं, तसंच हिचं. नऊ-दहा वर्षांची असतानाच बहिणींबरोबर कलकत्त्याला गेली. तिथं नाटकाच्या थिएटरात गायली आणि पंजाबी सिनेमात लहान मुलीची कामं केली. 'बेबी नूरजहाँ' हे नाव तिथलं. म्हणजे आपल्या पोरी चौथी-पाचवीत असतात त्या वयात ही घराला हातभार लावत होती. लोक याचं कौतुक करतात. आम्हाला मात्र तिची शाळा राहिली, हेही सांगावंसं वाटतं.

एक गोष्ट समजून घेऊया. आज पडद्यावर दिसणारी एक आणि गाणारी दुसरीच असते. त्या काळी नायिकेला स्वतःला गाता येणं फार महत्त्वाचं होतं. चेहरा चांगला पण गळा नाही, तर मोठं काम मिळणं अवघड. त्यामुळे नूरजहाँसारखी मुलगी लवकर पुढे आली. १९४२ साली लाहोरला 'खानदान' नावाचा उर्दू सिनेमा निघाला, त्यात ती पहिल्यांदा नायिका झाली. नायक कोण माहीत आहे? प्राण! पुढे खलनायक म्हणून आपल्याला घाबरवणारे तेच प्राण. नूरजहाँ तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची आणि बुटकी. प्राण सांगायचे, की दोघांचे चेहरे एका उंचीवर यावेत म्हणून तिला विटांवर उभं करायचे. सिनेमा जोरात चालला. त्याचे दिग्दर्शक शौकत हुसेन रिझवी यांच्याशी तिचं लग्न झालं आणि ती मुंबईला आली.

मुंबईतली तिची वर्षं थोडीच, पण भरगच्च. १९४५ साली 'जीनत' आला. त्यात बायकांच्या आवाजातली एक कव्वाली आहे. कव्वाली म्हणजे दर्ग्यावर टाळ्यांच्या ठेक्यात म्हणायचं गाणं, आणि ते म्हणायचे पुरुष. सिनेमात बायकांनी म्हटलेली ही पहिली कव्वाली मानतात. आपल्या गावांतही टाळ-मृदंग एके काळी पुरुषांच्याच हातात होते, आता बायकांची भजनी मंडळं गावोगाव आहेत. त्यामुळे त्या कव्वालीचं अप्रूप आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी 'बडी माँ' आला. हा सिनेमा मास्टर विनायकांचा, ज्यांची प्रफुल्ल पिक्चर्स ही कंपनी मूळची कोल्हापूरची. त्यांच्याकडे एक मराठी मुलगी नोकरीला होती. वडील वारलेले, घरची थोरली, धाकट्या भावंडांचं बघायचं होतं. ती लता मंगेशकर. 'बडी माँ'मध्ये लता आणि आशा दोघींनी लहान कामं केली आहेत. लता नूरजहाँचं गाणं कान देऊन ऐकायची, आणि सुरुवातीच्या गाण्यांवर तिची छाप होती असं जाणकार म्हणतात. फोनवर तुमचा घोटाळा होतो, तो उगाच नाही! पुढच्या वर्षी मेहबूब खान यांचा 'अनमोल घडी' आला, संगीत नौशाद यांचं. १९४७ ला 'जुगनू', त्यात नायक दिलीपकुमार.

आणि त्याच साली फाळणी झाली. नूरजहाँ आणि तिचे यजमान पाकिस्तानात गेले. लाहोरचा सिनेमाधंदा तेव्हा मोडून पडला होता. हिंदू आणि शीख मालक, कलाकार, तंत्रज्ञ इकडे निघून आलेले. दोघांनी लाहोरमध्ये शाहनूर नावाचा स्टुडिओ उभा केला. १९५१ साली तिचा 'चन वे' हा पंजाबी सिनेमा आला. नायिका ती, गाणारी ती आणि दिग्दर्शक म्हणूनही नाव तिचंच. पाकिस्तानातली पहिली महिला दिग्दर्शक म्हणून तिचं नाव घेतात.

आता यावर वाद आहे. काही जण म्हणतात, खरं काम नवऱ्याचं, नाव फक्त हिचं लावलं. आपल्याकडे महिला सरपंच झाली की 'कारभार तर तिचा नवराच बघतो' असं पारावर बोलतात, ते आठवलं. कधी ते खरंही असतं. पण सेटवर लहानपणापासून वाढलेली, सुराचं आणि अभिनयाचं काम हाताखालून गेलेली बाई नुसती नावापुरती बसली असेल, हे आमच्या काही गळी उतरत नाही.

इथं पंजाबी आणि उर्दूचा फरक सांगायला हवा. उर्दू ही तिकडची लिहिण्या-वाचण्याची, कचेरीची भाषा. उर्दू सिनेमा सगळ्या देशात चालायचा. पंजाबी ही पंजाबातल्या घरादारातली, शेतातली बोली. पंजाबी सिनेमाला खेड्यातला माणूस गर्दी करायचा. नूरजहाँ दोन्हीकडे तितक्याच सहज वावरली. १९५२ चा तिचा 'दुपट्टा' उर्दू, १९५७ चा 'नूराँ' पंजाबी. १९५८ ला 'अनारकली', पुन्हा उर्दू.

संसार मात्र टिकला नाही. तीन मुलं झाल्यावर रिझवींशी घटस्फोट झाला. मुलगी आपल्याजवळ राहावी म्हणून तिनं स्टुडिओतल्या हिश्श्यावर पाणी सोडलं, असं सांगतात. १९५९ साली एजाज दुर्रानी या नटाशी तिनं दुसरं लग्न केलं. तो तिच्यापेक्षा वयानं लहान. त्यावर लोक काय बोलले असतील ते तुम्हीच ओळखा. त्याच्या इच्छेखातर तिनं पडद्यावरचं काम आवरतं घेतलं. १९६१ चा 'गालिब' हा नायिका म्हणून तिचा शेवटचा.

पस्तिशीतली बाई, देशातली सगळ्यात मोठी नटी, आणि घरात बस म्हटल्यावर चेहरा झाकला गेला. पण गळा होता. तिनं दुसऱ्या नट्यांसाठी पडद्यामागून गायला सुरुवात केली, आणि तेच तिचं मोठं काम ठरलं. १९७० साली 'हीर रांझा' हा पंजाबी सिनेमा आला. आपल्याकडे सगळ्यांना ऐकून माहीत असलेली पंजाबची ती प्रेमकथा. नायक एजाज, म्हणजे तिचा नवरा. नायिका फिरदौस. आणि नायिकेचा आवाज नूरजहाँचा. डोळ्यांसमोर आणून बघा. नवरा दुसरीभोवती गाणं रंगवतोय आणि त्या दुसरीच्या तोंडून आवाज येतोय बायकोचा! सिनेमा तुफान चालला. हाही संसार त्याच सुमारास मोडला. या लग्नातल्या तीन मुली धरून तिला सहा मुलं. त्यांचं सगळं तिनं गाण्यावर केलं.

१९६५ च्या युद्धात ती लाहोरच्या रेडिओवर आपल्या देशाच्या सैनिकांसाठी गायली. तिकडे तिला त्याबद्दल फार मान आहे. इकडे तिची गाणी ऐकणं कोणी थांबवलं नाही. सी. रामचंद्र, आपल्या पुणतांब्याचे संगीतकार, त्यांनी एक आठवण सांगितली आहे. लता अमृतसरला गेल्या असताना दोघी वाघा सरहद्दीवर, दोन देशांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात भेटल्या आणि गळ्यात पडून रडल्या. १९८२ साली नूरजहाँ मुंबईला आली, पस्तीस वर्षांनी. तिच्या स्वागताला दिलीपकुमार होते. ती गायली तेव्हा सभागृहातली जुनी माणसं डोळे पुसत होती.

त्या सुमारास लाहोरच्या पंजाबी सिनेमात अंजुमन नावाची तरुण नायिका गाजत होती. शेतात, मळ्यात नाचणारी, ठसकेबाज. तिच्या तोंडी आवाज असायचा नूरजहाँचा, जी तेव्हा साठीला टेकलेली होती. रेकॉर्डिंगला ती उंची साडी नेसून, दागिने घालून, नटूनथटून यायची. पडद्यावर दिसणार नव्हती, तरी. पुढे हृदयाचा आजार जडला, तरी आणखी बरीच वर्षं गाणं चालू राहिलं. २३ डिसेंबर २००० रोजी ती कराचीत वारली.